बोरखेडच्या शाळेची घंटा

ज्ञानदेव जगधने पुलांना मार्क देत असे. तीच त्याची नोकरी. ओहायो राज्याच्या रस्ते खात्यात त्याला अठरा वर्षं झाली होती. दर मोसमात सत्तर-ऐंशी पुलांच्या पोटाखाली शिरायचं, हातोडीनं काँक्रीट ठोकून बघायचं, गंजलेल्या तुळया खरवडायच्या आणि शेवटी शून्य ते नऊमधला एक आकडा लिहायचा. नऊ म्हणजे कोरा करकरीत पूल, चार म्हणजे डोळा ठेवा, शून्य म्हणजे रस्ता बंद. एका काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, साहेबानं एकदा त्याला बायकोनं केलेला ॲपल पाय खाऊ घातला आणि हळूच सुचवलं, की या पुलाला चाराऐवजी पाच मिळाले तर शाळेच्या बसचा मोठा वळसा वाचेल. ज्ञानदेवनं पाय चवीनं खाल्ला, दुसरा तुकडाही मागून घेतला आणि चार लिहिले. खात्यात त्याला कुणी मित्र म्हणत नसे, पण त्याची सही असलेल्या पुलावरून सगळे बिनघोर गाडी नेत.

घर ओहायोतल्याच डब्लिनला. १९७८ साली घेतलं तेव्हा मागच्या अंगणापलीकडे मका होता. पंच्याऐंशीपर्यंत मका जाऊन तिथं ऑफिसांचे पार्किंग लॉट आले. बायको लता हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. मुलगी संघमित्रा पंधरा वर्षांची, मराठी सगळं समजणारी आणि उत्तर इंग्रजीत देणारी. मराठी मंडळाच्या नाटकांना ही मंडळी जात. तिथं एखादे डॉक्टर गोड हसून विचारत, "जगधने म्हणजे मूळचे कुठले हो?" या प्रश्नात काय विचारलंय हे दोघांनाही कळत असे. "डब्लिनचे," असं म्हणून ज्ञानदेव बटाटेवड्याकडे वळे.

त्याची आई राधाबाई ब्याऐंशी साली वडील गेल्यावर त्याच्याकडे आली. आता वय पंच्याहत्तरच्या पुढं. नक्की किती ते तिलाच माहीत नव्हतं. पासपोर्टवर १ जून टाकलेला, तोही एजंटनं. बर्फाला ती घाबरली नाही, मायक्रोवेव्हला घाबरली. एरवी तिची कशाबद्दल तक्रार नसे. बाजरीचं पीठ शिळं मिळतं एवढंच काय ते म्हणायची.

तिच्या पोटात मात्र एक जुनं दुखणं होतं आणि घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. तिचा बाप, गेनू सटवा, नगर जिल्ह्यातल्या बोरखेडला महारवाड्यातल्या शाळेवर मास्तर होता. शाळा एका छोट्या अमेरिकन मिशनची. तिला समज आली तेव्हा मास्तरकी सुटलेली होती आणि बाप प्रवरेच्या कालव्यावर दगड फोडत होता. का सुटली हे त्यानं कधी सांगितलं नाही. अठरा सालच्या साथीत तो गेला, पाठोपाठ आई गेली, आणि नऊ वर्षांच्या राधाला तिच्या चुलत्यानं, कान्हू तात्यानं, बोरखेडला आपल्या घरी नेलं. तिथं चुलतीनं तिला पहिल्या आठवड्यात सांगून टाकलं, की तुझ्या बापानं शाळेची पितळी घंटा चोरून विकली म्हणून मिशनच्या साहेबानं हाकलला. तेव्हापासून लग्न होईपर्यंत ती घरात आणि पाणवठ्यावर घंटाचोराची पोर होती. तिचा बापावर विश्वास होता, पण विश्वासाला पुरावा नव्हता. साठ-पासष्ट वर्षं झाली तरी ती मधूनच विचारायची, "ज्ञानदेवा, माझा बाप चोर असंल का रं?" ज्ञानदेव म्हणायचा, "नसेल गं." ती म्हणायची, "नसंल म्हणजे तुला तरी कुठं ठाव हाय." तिचं म्हणणं बरोबर होतं.

पंच्याऐंशीच्या ऑक्टोबरात राज्याच्या पूर्वेकडल्या एका कॉलेजच्या गावात ज्ञानदेव तपासायला गेला तो पूलच पाण्याखाली गेला. पाऊस थांबेना. पूल केव्हा बांधला याची नोंद काउंटीकडे नव्हती, म्हणून जुने नकाशे बघायला तो कॉलेजच्या लायब्ररीत गेला. तळघरातल्या जुन्या कागदपत्रांवर मिस वीव्हर नावाच्या सत्तरीच्या बाई होत्या. कॉलेजनं त्यांना दोनदा निरोप समारंभ केला होता. त्या दोन्ही वेळा केक खाऊन सोमवारी कामावर हजर झाल्या होत्या.

तिथं तेव्हा आयोवाहून आलेलं एक नवरा-बायकोचं जोडपं बसलं होतं. राहायची सोय असलेली कॅम्पर गाडी घेऊन गावोगाव हिंडायचं आणि पणजोबा शोधायचे, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. त्यांच्यासमोर कॉलेजच्या जुन्या वार्षिकांचा ढीग होता, गावातल्या नावा-पत्त्यांच्या डिरेक्टऱ्या होत्या, आणि माजी विद्यार्थ्यांचं एक जाडजूड चरित्रपुस्तक होतं. १८५० पासूनचा प्रत्येक विद्यार्थी त्यात सहा ओळींत: जन्मला कुठं, लग्न कुणाशी, पोटापाण्याचं काय, पुरला कुठं. बाईंना पणजोबा सापडले तेव्हा त्या नवऱ्याच्या गळ्यात पडल्या. पणजोबा घोड्यांच्या नालांचे व्यापारी होते.

मिस वीव्हरनी रीत म्हणून ज्ञानदेवला विचारलं, "तुमच्याकडचे लोक कुठं शोधता?"

"आमच्या लोकांची पुस्तकं नसतात," ज्ञानदेव म्हणाला. त्यात राग नव्हता. पुलाला चार मार्क आहेत, असं सांगावं तसं त्यानं सांगितलं.

"प्रत्येकाचं कुठं ना कुठं काहीतरी लिहिलेलं असतंच," मिस वीव्हर म्हणाल्या. ज्ञानदेवला हे वाक्य फार सुखवस्तू वाटलं. ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या टेबलं होती त्यांना असं वाटणारच. तरी पाऊस थांबत नव्हता म्हणून त्यानं ते जाड पुस्तक ओढलं. मागे गावांची सूची होती. हिंदुस्थान. अहमदनगर. समोर तीन नावं. त्यातलं एक हर्बर्ट लॉसन: १८९७ ची तुकडी, मिशनरी, नगर जिल्हा, १९०३ ते १९१९, मृत्यू १९४१, याच गावात.

त्यानं लायब्ररीतूनच घरी फोन लावला. "आई, तुझ्या बापाचा साहेब दिसायला कसा होता?"

"कालव्यावर एकदा आला व्हता बापाला भेटाया. लंगडा. तट्टावर बसला की बरा दिसायचा, उतरला की झुलायचा."

मिस वीव्हरनी १८९६ चं वार्षिक काढलं. फुटबॉलच्या संघाचा फोटो होता, आणि खाली गमतीच्या सुरात लिहिलं होतं, की लॉसननं आपला डावा गुडघा कॉलेजला अर्पण केला. आता तो काठीशिवाय चर्चलाही जाणार नाही. फोटोतला पोरगा हसत होता. ज्ञानदेव बराच वेळ त्याच्या गुडघ्याकडे बघत राहिला. आयोवाच्या लोकांचे पणजोबा त्यांच्याच वहीत होते; याचा आजा सापडला तर दुसऱ्या कुणाच्या वहीत सापडणार होता. हे त्याला तिथं बसल्या बसल्या कळलं आणि फारसं आवडलं नाही. पण जिथं नोंद असेल तिथं जायचं, हा त्याचा धंदाच होता.

लॉसनच्या मुलीनं बापाची अकरा खोकी कॉलेजला दिली होती. पन्नास सालापासून ती कुणी उघडली नव्हती. मिस वीव्हरनी कार्डावर लिहायला आजोबांचं आडनाव विचारलं. त्या काळात आडनाव नव्हतंच. गेनू, बापाचं नाव सटवा, आणि पुढं जात. तिसरा रकाना मिस वीव्हरनी रिकामा ठेवला. मग दर शनिवारी ज्ञानदेव सकाळी दीड तास गाडी हाणत तिकडं जायला लागला. लता म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी तरी पुलाखालून बाहेर ये." पण डब्यात पोळी-भाजी तीच भरून द्यायची.

याच सुमारास न्यू जर्सीहून प्रतापचा फोन आला. प्रताप मूळचा नागपूरचा, एडिसनला राहणारा, उत्साही. एप्रिलमध्ये एडिसनला आंबेडकर जयंतीचा मेळावा होता. त्याची स्मरणिका तो काढत होता. "दादा, या वेळी आपण एक सेक्शन ठेवतोय, आमचे पूर्वज. प्रत्येक फॅमिलीनं एक पान द्यायचं. पोरांना समजलं पाहिजे यार, आपण कुठून आलो. तुमचे आजोबा मास्तर होते ना? त्या काळात मास्तर म्हणजे काय जोक आहे का? फर्स्ट मार्चपर्यंत पाठवा." ज्ञानदेव हो म्हणाला. राधाबाईनं शेजारून ऐकलं आणि म्हणाली, "चोर न्हवता असं सापडलं तरच छाप. न्हाई तर माझ्या बापाचं नावच नगं काढू."

आठव्या खोक्यात वही सापडली. जानेवारीतला शनिवार होता. काळ्या कापडी बांधणीची वही, वर लिहिलेलं: गावांतल्या शाळा. एकेका गावाला तीन-चार पानं. बोरखेडचं पान बाविसावं होतं. अक्षर बारीक, उजवीकडे झुकलेलं. ज्ञानदेवनं हात पुसले आणि वाचायला घेतलं.

जून १९११. शिक्षक गेनू सटवा. मुलं बावीस, सर्व महार. मास्तर हुशार, हट्टी.

जानेवारी १९१२. मास्तरनं मांगवाड्यातली चार मुलं शाळेत घेतली: भिवा, चंदर, सखू, यल्ली. मी सुचवलं की वेगळी बसवावीत. मास्तर म्हणाला, वेगळं बसवायचं तर मग आम्हाला बाहेर बसवणाऱ्यांत आणि माझ्यात फरक काय राहिला. त्यानं सगळ्यांना एकाच तरटावर बसवलं. महारांनी आपली मुलं काढून घेतली.

फेब्रुवारी १९१२. शाळेची घंटा नाहीशी. मास्तरनं विकली असं महारवाड्याचं म्हणणं. तक्रार घेऊन मास्तरचा धाकटा भाऊ कान्हू आला. मास्तर नाकारतो. मला त्याचं खरं वाटतं, पण विद्यार्थी चार उरले. शाळा बंद केली. त्याला दुसऱ्या गावी जागा देऊ केली. म्हणाला, तिथं ही चार पोरं चालत येऊ शकणार नाहीत. तो कालव्याच्या कामावर गेला.

आणि शेवटी, वेगळ्या शाईत, नोव्हेंबर १९१४. आज कान्हू बंगल्यावर आला. घंटा आपणच विहिरीत टाकली, असं सांगून रडला. ती वाजली की मांगांची पोरं आमच्या दारावरून येत, म्हणून टाकली, म्हणाला. भावाला सांगू नका म्हणून पाय धरले. मी वचन दिलं.

मिस वीव्हरनी पानांच्या झेरॉक्स करून दिल्या. ज्ञानदेवच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी सापडलं का असं विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर ज्ञानदेवच्या मनात आजोबा थोडेच होते. त्याच्या मनात कान्हू तात्या होता. आजोबांना त्यानं पाहिलंच नव्हतं. तात्याला पाहिलं होतं. ज्ञानदेवला नगरच्या बोर्डिंगात घालायचं ठरलं तेव्हा पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन अकरा मैल चालणारा तात्या. बोर्डिंगच्या फाटकाशी "शीक, बाबा," एवढंच म्हणून मागं वळलेला तात्या. राधाबाई अजूनही आजारात त्याचं नाव घ्यायची. तिच्या आयुष्यात बापाच्या जागी हाच एक माणूस होता. एका हातानं द्यायचं आणि दुसऱ्या हातानं काढून घ्यायचं, असं काम या वहीनं करून ठेवलं होतं.

ज्याची सही बघून लोक बिनघोर पूल ओलांडत, त्या माणसानं गाडी घरासमोर लावता लावता ठरवलं की या पुलाला पाच द्यायचे. आईला अर्धंच सांगायचं.

राधाबाई लसूण सोलत बसली होती. ज्ञानदेवनं कागद पुढं धरून मराठीत वाचून दाखवलं. हुशार, हट्टी. चार पोरं एका तरटावर. महारवाड्यानं पोरं काढून घेतली. घंटा मास्तरनं नेली नव्हती. ती विहिरीत टाकलेली होती, असं साहेबाला पुढं समजलं.

"साहेबानं लिव्हलंय? चोर न्हवता म्हणून?"

"लिहिलंय."

राधाबाईनं लसणाचे हात पदराला पुसले आणि ती रडली. मोठ्यानं, गावाकडं रडतात तशी. लता धावत आली. रडून झाल्यावर तिनं तोंड धुतलं, चहा मागितला, आणि त्यात दोन चमचे साखर जास्त घ्यायला लावली. इतकी खूश ती ज्ञानदेवला अमेरिकेत कधी दिसली नव्हती.

मग ती म्हणाली, "इहिरीत कुणी टाकली?"

"ते काही दिलेलं नाही," ज्ञानदेव म्हणाला.

त्या रविवारी लतानं त्याला एकीकडं घेतलं. ती म्हणाली, "तू त्यांना सगळं सांगितलेलं नाहीस. तुला खोटं बोलता येत नाही, तुझे कान लाल होतात." ज्ञानदेवनं तिला कागद वाचायला दिला. वाचून ती म्हणाली, "तरीसुद्धा सांग." तो म्हणाला, "पंच्याहत्तरी उलटलेल्या बाईला? कशासाठी?" लता म्हणाली, "त्यांनी विचारलं म्हणून." यावर ज्ञानदेव गॅरेज झाडायला गेला.

राधाबाईला इंग्रजी येत नव्हतं, पण ती काही भोळी नव्हती. पानं चार होती आणि ज्ञानदेवनं वाचताना तीनच उलटली होती. एवढं तिनं लसूण सोलता सोलता पाहून ठेवलं होतं. मंगळवारी दुपारी संघमित्रा शाळेतून आली तेव्हा राधाबाईनं कागद तिच्यासमोर टाकले. "मित्रा, शेवटचं पान वाच. जे लिव्हलंय ते. कमी न्हाई, जास्ती न्हाई."

संघमित्रानं वाचलं. "आजी, इट्स फ्रॉम नाइनटीन फोर्टीन. ही सेज, कान्हू केम टू द हाउस. ही क्राइड." आणि मग नातीला जमेल तशा मराठीत, "त्यानी बेल, घंटा, विहिरीत टाकला. कान्हूनी. युअर डॅड्स ब्रदर. अँड ही सेड, भावाला सांगू नका. साहेबनी प्रॉमिस केला."

राधाबाईनं तिला परत एकदा वाचायला लावलं. मग कागद घडी करून कंबरेला खोचले आणि ती आपल्या खोलीत गेली. संघमित्रानं बापाला ऑफिसात फोन केला. "बाबा, आय थिंक आय डिड समथिंग बॅड."

ज्ञानदेव लवकर घरी आला. आई खिडकीशी बसली होती. तो शेजारच्या स्टुलावर बसला. ती रडत नव्हती, आणि हेच त्याला जास्त जड गेलं.

"तुला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं," तो म्हणाला.

"तात्या माझ्यासमूर जेवायला बसायचा," राधाबाई म्हणाली. "चुलती भाकरी वाढताना म्हणायची, घे गं घंटाचोराचे. रोज न्हाई, पर म्हणायची. तात्या खाली मान घालून खायचा. मला वाटायचं, किती गरीब सोभावाचा माणूस. बायकोला बोलत न्हाई. मला कापडं केली त्यानं, लगीन केलं, तुला बोर्डिंगात घातला. समदं केलं. नुसतं एक वाक्य बोलला न्हाई. माझा भाऊ चोर न्हवता, एवढंच. त्याला काय पडलं असतं?"

ज्ञानदेवनं मान खाली घातली.

"साहेबानं वचन पाळलं. तात्यानं तोंड शिवलं. समद्यांनी माझी दया केली. आन् तू बी तेच केलंस. तुला ठाव व्हतं, आन् म्या इचारल्यावर माझ्यासमूर गप बसलास. तात्यासारखा."

ज्ञानदेवला आयुष्यात बरंच काही ऐकून घ्यावं लागलं होतं. शाळेत, बोर्डिंगात, कॉलेजात, पहिल्या नोकरीत. त्यातलं काहीच इतकं लागलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते पुसलेही नाहीत. "चुकलं माझं, आई," तो म्हणाला.

"चुकलंच," राधाबाई म्हणाली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "त्या चार पोरांची नावं लिव्हलीत का रं? कोन कोन?"

"भिवा, चंदर, सखू, यल्ली."

सखूचं नाव ऐकून ती एकदम त्याच्याकडे वळली. मग तिनं जे सांगितलं ते तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. तिच्या लग्नात मांगवाड्यातली एक तरुण बाई मांडवाच्या बाहेर, उन्हात उभी होती. हलगी वाजवणाऱ्यांच्या बायका जिथं उभ्या राहत तिथं. वऱ्हाड निघताना तिनं राधाला बोलावलं आणि हातावर गुळाचा खडा ठेवला. म्हणाली, तुझ्या बापानं मला माझं नाव लिहायला शिकवलं. चुलती बघत होती. गेनू मास्तरची पोर तेरा वर्षांची होती, आणि कुणाच्या हातचं खायचं नाही हे तिला पक्कं पाठ होतं.

"म्हंजी माझ्या बापानं ज्यांच्यापायी शाळा सोडली, त्यातली ती. आन् म्या..." ती थांबली. "हे बी लिही. प्रतापला पाठवायच्या कागदात. समदं लिही."

ज्ञानदेवनं लिहिलं. एक पान सांगितलं होतं, दोन झाली. आजोबा, तरट, चार नावं, घंटा, तात्या, सगळं. शेवटच्या परिच्छेदात सखूचा गूळ. फेब्रुवारीच्या अखेरीस पाकीट एडिसनला गेलं आणि चौथ्या दिवशी प्रतापचा फोन आला.

"दादा, वाचलं. फर्स्ट पार्ट एकदम जबरदस्त आहे. पण हे भावाचं आणि मांगवाड्याचं कसं छापायचं? बाहेरचे लोक पण स्मरणिका वाचतात यार. त्यांच्या हातात कोलीत द्यायचं का आपण? म्हणतील, बघा, हे पण तसेच. मी थोडं एडिट केलंय. घंटा पाटलाच्या माणसांनी टाकली असं केलं. ते लोक काय कमी करत होते का? फॅक्टमध्ये असा काय मोठा डिफरन्स पडतो?"

ज्ञानदेवला प्रतापचं अगदीच चूक वाटलं नाही. ते कोलीत त्यानं स्वतःच्या पाठीवर खाल्लं होतं. मंडळातल्या गोड हसणाऱ्या डॉक्टरांचं तोंड त्याला आत्ताच दिसत होतं. तो काय उत्तर द्यावं या विचारात असताना राधाबाईनं हात पुढं केला. त्यानं फोन तिला दिला.

"प्रताप, मी ज्ञानदेवची आई."

"मावशी, जय भीम. मावशी, मी फक्त एवढंच म्हणत होतो..."

"ऐकलं म्या. तुझा आवाज मोठा हाय. बाळा, पाटलानं पुष्कळ केलं. ते लिव्हायला तुझं पुस्तक पुरायचं न्हाई. पर ही घंटा आमच्या घरातल्या मानसानं टाकली. ती पाटलाच्या नावावर घातली तर माझा बाप कशापायी उपाशी राह्यला? पाटलाशी भांडून तर समदेच उपाशी ऱ्हायचे. त्यो आपल्याच मानसांशी भांडला. तेवढंच त्याचं व्हतं. ते तू काढून टाकतोस."

 मग प्रताप म्हणाला, "मावशी, लोक नाराज होतील."

"व्हऊ देत. त्यात माझं बी नाव हाय की. छापायचं तर समदं, न्हाई तर कोरं पान सोड." तिनं फोन ज्ञानदेवच्या हातात दिला आणि ती परत भाजी निवडायला बसली.

प्रताप वाईट माणूस नव्हता. दोन दिवसांनी त्यानं कळवलं की छापतो, कमिटीतल्या दोघांनी राजीनामा द्यायची भाषा केली आहे, ती ते दर वर्षी करतात. फक्त टायपिंगआधी एकदा शेवटचा मजकूर तपासून पाठवा.

शनिवारी सकाळी जेवणाच्या टेबलाशी बसून ज्ञानदेवनं दोन्ही पानं आईला मोठ्यानं वाचून दाखवली. संघमित्राही ऐकत बसली होती. राधाबाई मान हलवत होती. तात्याचा भाग आला तेव्हा ती म्हणाली, "ट्रंक डोक्यावर घेऊन गेला ते लिव्हलंस ना? ते ऱ्हाऊ दे. ते बी खरं हाय." मग शेवटचं वाक्य आलं. ज्ञानदेवनं वाचलं, "लग्नाच्या दिवशी सखूनं दिलेला गूळ राधाबाईंनी खाल्ला नाही."

"असं नगं," राधाबाई म्हणाली. "खाल्ला न्हाई म्हटलं तर वाटंल, पदरात ठिवला असंल. म्या फेकला. ती उभी व्हती तवाच फेकला, तिच्यासमूर."

ज्ञानदेवचं पेन कागदावर टेकून थांबलं.

"लिही," ती म्हणाली.

त्यानं 'खाल्ला नाही' हे शब्द खोडले, वर 'तिच्यासमोर फेकला' असं लिहिलं, आणि पानं पाकिटात घातली.